बोर्डावर न लागलेले प्रकरण

‘वाचा,’ साहेब म्हणाले.

मी लघुलिपीच्या वहीचे शेवटचे पान उलटले आणि वाचू लागलो. ‘या मुलाला तुरुंगात ठेवावे असे काहीही पोलिसांनी माझ्यापुढे आणलेले नाही. त्याला आज संध्याकाळपर्यंत सोडावे. तो आजारी आहे हे सरकारला ठाऊक होते. ठाऊक असूनही कंत्राटदाराचे खड्डे चालू राहावेत म्हणून त्याला आत ठेवले गेले. आणि हा कंत्राटदार मंत्र्यांचा मेहुणा आहे, यापलीकडे त्याचे कारण मला दिसत नाही.’

‘“खड्डे” नको, “खाण” म्हणा. खड्डे आपल्या रस्त्यांना असतात.’

मी शब्द बदलला. वाळ्याच्या ताटीवर नुकतेच पाणी मारले होते, आणि तिच्यातून येणारा ओला, मातकट वास चेंबरभर पसरला होता. बाहेर मे महिन्याचे ऊन इमारतीच्या दगडांवर पांढरे होऊन पडले होते. भिंतीवरच्या पाटीवर नाव होते : न्यायमूर्ती श्रीधर मोहरील. मी त्यांचा स्वीय सहायक, प्रल्हाद खानझोडे. वय एकतीस, मराठी घेऊन एम.ए. केलेले, टेबलाच्या खणात कवितांची एक वही. या गोष्टीला आता चाळीस वर्षे झाली.

निकालपत्र अर्थातच इंग्रजीत जायचे. पण शेवटचा परिच्छेद साहेब आधी मराठीत बोलून पाहत. ज्याच्यासाठी निकाल आहे त्याला तो ऐकून कळला पाहिजे, आणि कळत नसेल तर आपल्यालाच तो नीट कळलेला नाही, असे ते म्हणत. खंडपीठातले दुसरे कोणी असे करत नसे. मी त्या मराठी परिच्छेदांचे भाषांतर करायचो, आणि साहेब त्यातले माझे स्वल्पविराम खोडायचे. ‘तुम्ही कवी आहात हे पक्षकारांना कळायची गरज नाही,’ असे म्हणायचे.

प्रकरण बिरजू हिचामी नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या जामिनाचे होते. कोडसेपल्ली हे त्याचे जंगलातले गाव. गावाजवळच्या खाणीवर मोर्चा गेला, चौकीवर दगड पडले आणि पहिल्या पंधरा नावांत त्याचे नाव आले. बाकीचे चौदा सुटले होते. हा शाळेत शिकवणारा, अर्ज लिहून देणारा. म्हणून तो आत राहिला. त्याला सिकलसेल होता. उन्हाळ्यात, पाणी कमी पडले की अशा रोग्याचे रक्त नसांत अडते आणि हाडे फुटल्यासारखी दुखतात, हे मला कारागृहाच्या डॉक्टरांचा अहवाल टंकलिखित करताना समजले होते. तो अहवाल माझ्याच यंत्रावर उमटला होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण मला ठाऊक नव्हते असे पुढे कुठेही म्हणता येणार नाही.

दुपारपर्यंत मी इंग्रजी प्रत टंकलिखित केली. साहेबांनी ती वाचली, प्रत्येक पानावर सही केली.

‘उद्या लावा,’ ते म्हणाले.

उद्या म्हणजे शुक्रवार, उन्हाळी सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस. सुट्टी महिन्याभराची. आणि सुट्टीच्या मधोमध, एकवीस तारखेला, साहेबांची मुदत संपत होती.

ती मुदत काय होती, हे सांगितले पाहिजे. साहेब तेव्हा अतिरिक्त न्यायमूर्ती होते. नेमणूक दोन वर्षांची. दोन वर्षांनी त्यांना कायम करायचे की नाही, याची फाइल मुख्य न्यायमूर्तींकडून राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला जाई. ती ज्या टेबलांवरून जाई, त्यांतले एक टेबल त्या मंत्र्यांच्या फार जवळचे होते. कायम केले तर आदेश येई. न केले तर काहीच येत नसे. नकाराचा कागद कधी कोणी पाहिलेला नव्हता.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘सुट्टीनंतर लावलं तर?’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘का?’

‘काही नाही. एकदा शुद्धलेखन पुन्हा तपासून...’

‘तुमचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे.’ त्यांना माझा प्रश्न कळला होता. ‘खानझोडे, माझी मुदत एकवीसला संपते. ती सगळ्यांना पाठ आहे. घरी दूधवाल्यालाही. त्या मुलाची कधी संपते, ते सांगा.’

त्यांनी गुलाबी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक ओढली आणि तांबड्या पेन्सिलीने लिहिले : हिचामी. शुक्रवार. साडेदहा. पहिले. खाली आद्याक्षरे. आमच्याकडे रीत अशी होती की, साहेबांनी चिठ्ठी लिहायची, ती घेऊन मी साडेचारच्या आत खालच्या मजल्यावरच्या बोर्ड विभागात जायचे, तिथला कारकून दुसऱ्या दिवशीच्या यादीत प्रकरण चढवायचा, आणि सहा वाजेपर्यंत यादीच्या चक्रमुद्रित प्रती व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायच्या. चिठ्ठीची नोंद कुठेही होत नसे. काम झाले की मी ती फाडून टाकत असे. दोन वर्षांत साहेबांनी फळा कधी स्वतः पाहिला नव्हता. ‘बोर्ड म्हणजे खानझोडे,’ ते म्हणायचे.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर आलो.

दाराशी स्टुलावर इब्राहिमचाचा बसले होते. ते आमचे चोपदार. साहेब कोर्टात निघाले की चांदीच्या मुठीची काठी घेऊन ते पुढे चालत, आणि त्यांचा आवाज ऐकून व्हरांड्यातली माणसे भिंतीला लागत. चाचांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत अनेक न्यायमूर्ती त्या काठीमागून चालून गेले होते.

‘बाबू, आला का जी दिल्लीचा कागद?’

‘नाही, चाचा.’

‘दिल्लीचा कागद म्हंजे श्रीमंत सोयऱ्याचं आवतन. येईन तं येईन, नाई तं आपणच समजून घ्याचं.’ त्यांनी काठीची मूठ फडक्याने पुसली. ‘बेडेकर साहेबाचं मालूम हाय ना तुमाले?’

मला ठाऊक होते. तरी ते सांगू लागले आणि मी ऐकत उभा राहिलो. आदल्या वर्षीची गोष्ट. न्यायमूर्ती बेडेकरांनी एका आमदाराची निवडणूक रद्द ठरवली होती. त्यांची मुदत गुरुवारी संपत होती. गुरुवारी पावणेपाचपर्यंत ते एका अपिलाचा युक्तिवाद ऐकत बसले होते, आणि वकीलही घड्याळाकडे न पाहता बोलत होता, कारण घड्याळाकडे पाहणे बरे दिसले नसते. आदेश आला नाही.

‘सकाळी मले सांगतलं, पाटी काढ. मी पेचकस घेऊन आलो. चार स्क्रू. तीन निंघाले, चौथा निंघे ना. आन् तेवढ्यात साहेब स्वता आले. सायकल रिक्षात, पुस्तकं न्याले. मी पेचकस मागं लपवला. आता सांगा बाबू, त्यायच्या पुढं काठी घेऊन चालाचं का नाई? नियमानं नाई. पण सवय हाय ना जी. मी चाललो. लोक भिताडाले लागले. साहेब मागून म्हणे, इब्राहिम, नको. म्या ऐकलं नाई.’

‘मग?’

‘मंग काय. मले मेमो भेटला. त्यायले भेटलं काईच नाई.’ ते हसले. ‘चौथा स्क्रू अजून तसाच हाय. मोहरील साहेबाची पाटी त्याच्यावरच लावली.’

मी मागे वळून पाटीकडे पाहिले. तीन स्क्रू पिवळे होते, एक काळा.

बोर्ड विभागाकडे जाणाऱ्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. त्या उतरताना मी काय विचार केला, हे मी आयुष्यभर आठवण्याचा प्रयत्न केला आहे. कोणी मला बोलावले नव्हते. कोणाचा फोन नव्हता, निरोप नव्हता, आमिष नव्हते. मंत्र्यांना माझे नावही ठाऊक नसणार. मला एवढेच दिसत होते की, उद्या साडेदहाला साहेब तो परिच्छेद वाचतील, परवा तो वर्तमानपत्रात येईल, आणि एकवीस तारखेनंतर चाचा पेचकस घेऊन येतील. त्याऐवजी निकाल चार जूनला वाचला तर? अक्षर तेच, सही तीच. मुलगा महिनाभर उशिरा सुटेल. पण असे साहेब आणखी अकरा वर्षे खुर्चीत राहतील, आणि त्या अकरा वर्षांत किती जण सुटतील. मी गणित करत होतो. शिवाय साहेब गेले असते तर मी पुन्हा टंकलेखन विभागात गेलो असतो, पत्र्यावर पाऊस पडावा तशा चाळीस यंत्रांच्या त्या खडखडाटात, जिथे कोणाचेही शेवटचे वाक्य कोणीही वाचून दाखवत नसे. साहेबांवरची माया खरी होती आणि हेही खरे होते. कशाचे वजन किती, ते मला आजही सांगता येत नाही.

कारकुनाने मान वर न करताच विचारले, ‘मोहरील साहेबांचं काही आहे का, खानझोडे?’

‘नाही,’ मी म्हणालो.

एवढेच घडले. कारकुनाने यादीखाली रेघ मारली.

व्हरांड्यात फळ्याखाली बिरजूची आई बसली होती. मैनाबाई. युक्तिवाद संपल्यापासून ती रोज तिथेच असे. तिला वाचता येत नव्हते, म्हणून संध्याकाळी याद्या लागल्या की ती माझ्याकडे पाही. तिची भाषा माडिया. मराठीचे मोजके शब्द तिने कोर्टातच गोळा केले होते : तारीख, साहेब, उद्या. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एका नव्या सदऱ्याची कॉलर डोकावत होती, टाचण्या अजून तशाच. दुकानात घडी घालताना लावतात त्या. सुटल्यावर घालायला.

‘उद्या?’ तिने विचारले.

‘नाही.’

तिने मान हलवली. न रागावता, न रडता. पाऊस नाही म्हटल्यावर मान हलवावी तशी. मग पिशवीचे तोंड दुमडून ती उठली आणि धर्मशाळेच्या दिशेने चालू लागली. मी तिच्या मागे दोन पावले गेलो आणि थांबलो.

शुक्रवारी बोर्डावर एकशे एकतीस प्रकरणे होती. सुट्टीपूर्वीच्या दिवशी कोर्टाची जत्रा होते. प्रत्येकाचे घर आजच पडणार असते. साहेबांना संध्याकाळी पाच दहाची गाडी पकडायची होती. पुण्यात त्यांच्या धाकट्या भावाचे शनिवारी ऑपरेशन होते. साडेदहाला ते आसनावर बसले, पहिले प्रकरण पुकारले गेले. ते दुसरेच काहीतरी होते. साहेबांनी किंचित मान वळवून खाली माझ्याकडे पाहिले. मी वहीत डोके घातले. तेवढ्यात वकील बोलू लागला, मग दुसरा, मग तिसरा. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी आणखी एकदा पाहिले, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखे. नंतर पाहिले नाही. पावणेपाचला ते आसनावरून उठले ते थेट गाडीत बसले. चाचा काठी घेऊन अक्षरशः धावले.

हिचामीच्या निकालाची सही केलेली प्रत माझ्या खणात होती. तिच्यावर कवितांची वही होती. आणि वहीत ती गुलाबी चिठ्ठी. मी ती फाडली नव्हती. का फाडली नाही, तेही मला सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी आमच्या वाड्यातल्या औषधाच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. पुण्याहून.

‘भाऊ बरा आहे,’ साहेब म्हणाले. ‘खानझोडे, काल हिचामी लागलं नाही.’

‘हो, साहेब.’

‘मी तुम्हाला चिठ्ठी दिली होती ना?’

तारेत खरखर होती. दुकानात एक बाई खोकल्याचे औषध मागत होती. मला आजही वाटते की, त्या क्षणी मी खरे बोललो असतो तर सगळे सावरले असते. साहेब रागावले असते, मला काढून टाकले असते, आणि मग विसरले असते.

‘नाही, साहेब,’ मी म्हणालो. ‘प्रत दिलीत. चिठ्ठी नाही.’



‘मला वाटलं होतं, दिली,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तोपर्यंत कधीही तसा ऐकला नव्हता. अंधारात जिना उतरताना, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा. ‘बरं. मी सोमवारी रात्री परत येतो. मंगळवारी साडेदहाला खास बैठक लावा. मुख्य न्यायमूर्तींची परवानगी मी इथूनच फोनवर घेतो. सरकारी वकिलांना कळवा. हिचामीच्या वकीलबाईंना कळवा. आईला कळवा.’

मी सगळ्यांना कळवले. आईला सोडून. ती धर्मशाळेत नव्हती. ‘सुट्टीनंतर’ म्हटल्यावर ती शनिवारच्या पहाटेच्या गाडीने गावाला गेली होती. तिला ते कोणी सांगितले? बहुधा चाचांनी. त्यांनी फळा पाहिला असेल, सुट्टीची तारीख पाहिली असेल, आणि दया येऊन सांगितले असेल की, बाई, इथे उन्हात कशाला बसतेस.

सोमवारी पहाटे कारागृहाच्या रुग्णालयात बिरजू हिचामी मरण पावला.

मंगळवारी साडेदहाला साहेब आसनावर बसले. रिकामे कोर्ट, झाकलेले पंखे, सुट्टीची धूळ. सरकारी वकील उभा राहिला, त्याने एक कागद वर दिला आणि खाली पाहत सांगितले की, आरोपी मयत झाल्याने अर्ज निकाली काढावा. साहेबांनी कागद वाचला. सही केलेले निकालपत्र त्यांच्यापुढे होते. ते त्यांनी उघडले, शेवटच्या पानावर आले, आणि त्यांचे ओठ हलले. पण उच्चारला न गेलेला निकाल हा निकाल नसतो. कायद्याच्या दृष्टीने ती फक्त शाई असते. त्यांनी ते मिटले. अर्ज निकाली काढल्याचा दोन ओळींचा आदेश मला सांगितला, इंग्रजीत. मराठीत आधी बोलून पाहिला नाही.

सतरा तारखेला दिल्लीचा कागद आला. न्यायमूर्ती मोहरील कायम. त्या परिच्छेदातले एक अक्षरही कोणाच्या कानावर गेले नव्हते, मग कोण कशाला अडवणार? चाचांनी स्वतःच्या पैशांनी पेढे आणले. ‘पाटी पक्की झाली,’ ते म्हणाले, आणि चौथ्या स्क्रूवर बोट टेकवून हसले. मी पेढा घेतला. खाल्लाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावले. पेढ्यांचे खोके टेबलावर न उघडता पडले होते.

‘खानझोडे, माझ्या हाताला आठवतं,’ ते उजव्या हाताकडे पाहत म्हणाले. ‘तांबडी पेन्सिल, “पहिले” हा शब्द. हाताला स्पष्ट आठवतं.’

‘त्या दिवशी फार घाई होती, साहेब.’

‘हो. घाई होती.’ त्यांनी पेढ्यांचे खोके बाजूला सरकवले. ‘माणूस भ्याला की त्याचं मन असं करतं का? न केलेलं काम केलं म्हणून दाखवतं?’

मी म्हणालो, ‘साहेब, असं मनाला लावून घेऊ नका.’

चाळीस वर्षांत मी पुष्कळ खोटे बोललो असेन. पण या वाक्याइतके नीच काही बोललो नाही.

त्यानंतर साहेब अकरा वर्षे न्यायमूर्ती राहिले. माझे गणित तेवढे बरोबर आले. फक्त त्यांनी एक जाड नोंदवही आणवली. प्रत्येक चिठ्ठी तिच्यात उतरवून घ्यायची, वेळ घालायची, समोर त्यांची आणि माझी सही. मला वाटले, माझ्यावर विश्वास राहिला नाही. नंतर कळले की तसे नव्हते. ते स्वतःवर पहारा ठेवत होते. निकालपत्रे लांबत गेली. ‘असे दिसते’, ‘असे म्हणता येईल’, ‘तूर्तास’ असे शब्द त्यांच्यात येऊ लागले. निकाल चूक नसत. पण ते ऐकून कोणी भिंतीला लागावे असे त्यांत काही उरले नव्हते. शेवटचा परिच्छेद मराठीत बोलून पाहणे त्या मंगळवारनंतर बंद झाले ते कायमचे. मी ज्यांना वाचवायला निघालो होतो, ते त्या खुर्चीत नव्हते. खुर्ची मात्र वाचली होती.

अकरा वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गेलो. ते ऐंशीचे झाले होते. बाईसाहेब गेल्या होत्या. शहराबाहेरच्या लहान घरात ते एकटे राहत, स्वयंपाकाला एक बाई येई. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून हसले.

‘या कविराज. स्वल्पविराम कसे आहेत?’

‘कमी झाले, साहेब.’

‘चांगलं आहे. वय झालं की पूर्णविरामावर लक्ष द्यावं.’

चहा झाला. कोण गेले, कोण उरले, ते झाले. इब्राहिमचाचा कधीच गेले होते. मग मी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढले, पाकिटातून ती चिठ्ठी काढली, आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. गुलाबी रंग विटून मातीचा झाला होता. तांबडी पेन्सिल मात्र तशीच होती.

त्यांनी चष्मा लावला. फार वेळ पाहत राहिले.

‘अक्षर माझंच आहे.’

‘हो, साहेब.’

‘म्हणजे मी दिली होती.’

‘हो.’

अंगणात कोणीतरी झाडू मारत होते, तो आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मला वाटले होते की ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा हलके होतील. त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, जणू त्या हाताची माफी मागायची होती.

‘कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’ त्यांनी विचारले. जुना आवाज होता तो. आसनावरचा.

‘कुणी नाही.’

‘फोन? कुणाचा माणूस?’

‘कुणीच नाही, साहेब. मीच.’

‘मग ते माझ्या अंदाजापेक्षा वाईट आहे,’ ते सावकाश म्हणाले. ‘सांगणारा कुणी असता, तर त्याला निदान पिंजऱ्यात उभं करता आलं असतं. दिल्लीहून कागद येत नाही, म्हणून आपण कुरकुरतो. तुम्हीही तेच केलंत. एक कागद येऊ दिला नाहीत.’

मी खाली पाहिले.

‘मला एकदा संशय आला होता,’ ते पुढे म्हणाले. ‘पहिल्याच आठवड्यात. पण तुमच्यावर संशय घेतल्याची मला इतकी लाज वाटली की, त्यापेक्षा स्वतःवर घेणं सोपं गेलं.’

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

‘तो शेवटचा परिच्छेद आठवतो?’ त्यांनी विचारले.

मी म्हणून दाखवले. या मुलाला तुरुंगात ठेवावे असे काहीही पोलिसांनी माझ्यापुढे आणलेले नाही, इथपासून. खाण, खड्डे नव्हे. एकही शब्द चुकला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मध्येच त्यांनी बोट किंचित उचलले. तिथे माझा एक स्वल्पविराम होता.

‘त्या बाईंना सांगितलंत?’

‘कोणाला, साहेब?’

त्यांनी डोळे उघडले. ‘त्याच्या आईला.’

‘नाही.’

‘मग आधी माझ्याकडे कशाला आलात?’

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. मी घेईना, तेव्हा बोटे उघडून आत ठेवली आणि ती मिटली. ‘ही माझी नाही. ज्यांचं प्रकरण होतं, त्यांना द्या. आणि परिच्छेदही तिथेच म्हणा. सोप्या मराठीत आहे, त्यांना कळेल. कळावं म्हणूनच तसं केलं होतं.’

मी निघालो, तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत. त्याच पावसाळ्यात ते गेले. वर्तमानपत्रांनी लिहिले की, एक मितभाषी, समतोल न्यायमूर्ती हरपला.

कोडसेपल्लीला जाणारी बस इथून सकाळी सव्वासहाला सुटते. दुपारी दोनला ती शेवटच्या थांब्यावर पोहोचते, आणि पुढे नाल्यापर्यंत पायी जावे लागते. मैनाबाई असतील तर पंच्याऐंशीच्या पुढे असतील. मी अनेकदा स्थानकावर गेलो आहे. वाहक मला ओळखतो. ‘काका, चढता का?’ असे तो विचारतो.

‘उद्या,’ मी म्हणतो.